आपली मूठभर

११ मार्च

या पत्राला मायना नाही. तो विसरलेला नाही. 'चि. सौ.' लिहावे, तर त्यातले 'सौ.' तुम्ही आणि माझ्या मुलाने वकिलांच्या साक्षीने काढून टाकले आहे. नुसते 'चि.' लिहावे इतका जिव्हाळा तुम्ही जाताना मागे ठेवला नाहीत. आणि 'सप्रेम नमस्कार' ही शब्दयोजना मी ज्यांच्याशी भांडण नाही अशांसाठी राखून ठेवली आहे. शब्दकोशाच्या कामात हयात घालवलेल्या बाईला योग्य शब्द सापडत नसेल, तर तिने जागा कोरी सोडावी, चुकीचा शब्द घालू नये. सर्वनामाचीही तीच अडचण. सून म्हणून तुम्हाला दहा वर्षे 'तू' म्हटले. आता 'तुम्ही' लिहिते आहे. ते आदराने की रागाने, हे तुमचे तुम्ही ठरवा.

पत्राचे कारण कासव आहे.

काल टिकलीने फोनवर विचारले, "आजी, बटाट्या जेवतो का गं?" मी सांगितले की कासव हा शब्द नपुंसकलिंगी आहे; शिवाय जनावरे जेवत नाहीत, खातात. पलीकडून फोन बंद झाला. तो नातीने ठेवला की तुम्ही तिच्या हातून काढून घेतलात, हे कळायला मला मार्ग नाही. आठ वर्षांच्या मुलीचा प्रश्न अनुत्तरित राहू नये म्हणून लिहिते: कासव खाते. उत्तम खाते. तुमच्या नव्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत, म्हणून ते माझ्याकडे राहिले. ही सोय आहे. यात कोणाचे कोणावर उपकार नाहीत.

मागच्या खोलीत खिडकीखाली त्याची पेटी ठेवली आहे. उबेचा दिवा तुम्ही तिरका लावला होता, तो सरळ करून घेतला. पाण्याची ताटली खोल होती, ती बदलली. तुतीची पाने मी स्वतः धुते, देठ खुडते, पुसते. कोशाच्या कचेरीत माझ्या हाताखालच्या लोकांनी इतक्या निगुतीने शब्द निवडले असते, तर मी दोन खंड आधीच निवृत्त झाले असते.

एक गोष्ट लिहून टाकते. निघताना दारात तुम्ही म्हणालात, "आई, आपण माणसांना सगळं मापून देता." तुम्ही टिकलीच्या बुटांचे बंद बांधून होईपर्यंत उभी राहिले आणि मग दार लावले. त्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. चूक आशयात होती, आणि ती मी दाखवून देईन.

उत्तर अपेक्षित नाही.

टिकलीची आजी


२८ मार्च

अपेक्षा नसताना तुमचे उत्तर आले. चार ओळींत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत. दंतवैद्याला त्या माफ असाव्यात. बिनदाताचे जनावर पाळणाऱ्या दंतवैद्याकडून मी सुसंगतीची अपेक्षा तशीही ठेवलेली नाही.

तुम्ही विचारता, पाला किती घालता. तुम्ही सांगितलात तेवढाच. त्या दिवशी दारात, बुटांशी झटत, मान खाली घालून तुम्ही म्हणालात, "आजीला सांग, आपली मूठभर. जास्त नाही." त्याप्रमाणे मी रोज माझी मूठ भरते. माझी, कारण तुम्ही मला कायम 'आपण' म्हणत आलात आणि कितीही वाजले तरी तो शिष्टाचार सोडला नाहीत, हे मला मान्य आहे. शेवटच्या दिवशीही सोडला नाहीत, याची मी दखल घेतली. माझा हात मोठा आहे. कोशाचा जाडजूड खंड मी अजूनही एका हाताने उतरवते.

केव्हा घालता, हेही विचारले आहे. सकाळी. संध्याकाळी पुन्हा थोडा, कारण सकाळचा उरत नाही. ताटलीत काही उरत नाही याचा अर्थ घातलेले पुरले नाही, एवढा निष्कर्ष काढायला प्राणिशास्त्र लागत नाही.

फळ देता का, या प्रश्नामागचा संशय मला कळला. दुपारी, पेटीची पुढची फळी काढून, मी जेवायला बसले की ते मागच्या खोलीतून निघते. फरशीवर नखांचा आवाज करीत, उंबऱ्यावर अडखळत, थेट माझ्या खुर्चीपाशी येते आणि मान वर करून थांबते. माझ्या खोलीत बोलावल्यावाचून येण्याची कचेरीत कोणाची प्राज्ञा नव्हती; घरात कोणाची इच्छा नव्हती. हे आपण होऊन येते. आलेल्यासमोर एकटीने केळे खाणे हा अडाणीपणा झाला असता, आणि तो माझ्या हातून होणार नाही.

टिकलीला सांगा, अंग चांगले भरते आहे. मापून दिल्याची तक्रार या घरात सध्या कोणी करीत नाही.

टिकलीची आजी


१९ एप्रिल

तुम्हाला बागेचे घर मिळाले आणि तिथे प्राणी चालतात, हे वाचले. मेच्या सुट्टीत कासव न्यायला येणार, हेही वाचले. घाई करू नये असे माझे मत आहे. प्रवास लांबचा. बागेत काय उगवते, त्यातले विषारी काय, हे आधी कोणी तपासले आहे का? कासवाची इथली घडी बसली आहे.

रविवारी मुलगा येऊन गेला. त्याने पेटीत डोकावून विचारले, "आई, हे कासव आहे की उशी?" मग खाली वाकून म्हणाला, "अगं, पायांपाशी बघ ना. मळलेलं पीठ भांड्यात न मावल्यासारखं बाहेर आलंय. काय घालतेस याला?" मी सांगितले, तुमच्या सूचनेप्रमाणे आपली मूठभर. यावर तो हसत सुटला. म्हणाला, "आपली म्हणजे कोणाची पण? कासवाची स्वतःची असेल तर? त्याची मूठ केवढीशी." त्याच्या विनोदांना तुम्ही दहा वर्षे हसलात, तेवढे त्याला पुरे आहे. स्वतःचे घर सावरता न आलेल्या माणसाने माझ्या घरातल्या पेटीत डोकावून मला शहाणपण शिकवू नये, असे मी त्याला ऐकवले. तो चहा न घेता गेला.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिता की कासवाला काही झाले, तर टिकली पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. आणि हे तुमचे नव्हे, तिचेच शब्द आहेत. असतील. माझीच नात आहे, धमकी नेमकी देते. पण तुम्ही एका गोष्टीचा विचार केलेला नाही. टिकली दर रविवारी फोन करते, तो कासवासाठी. मला 'कशी आहेस' हे ती बटाट्याच्या नंतर विचारते, आणि तेही तुम्ही मागून सुचवलेले मला ऐकू येते. कासव तिकडे गेले की ती रविवारी फोन कोणाला करील?

हा प्रश्न मी तुम्हाला विचारलेला नाही. केवळ लिहून ठेवला आहे. मेमध्ये येण्याचा आग्रह धरू नये.

टिकलीची आजी


४ मे

या आठवड्यात येऊ नका. कासव ठीक आहे. उष्म्यामुळे भूक मंदावली आहे, इतकेच.

काल दुपारी फरशीवर आवाज आला नाही. मी जेवून उठले, तरी नाही. केळे सोलून घेऊन गेले. ते पेटीच्या कोपऱ्यात होते. मान बाहेर, डोळे मिटलेले. फळाचा वास येऊनही त्याने मान वळवली नाही. बोट लावले की कासव मान आत घेते, हे मला माहीत आहे. मी बोट लावले. त्याने घेतली नाही. त्याला माझी भीती उरली नसावी, असा याचा अर्थ मी काल लावला. आज सकाळी पुन्हा बोट लावले. त्याने मान थोडी मागे ओढली आणि ती अर्ध्यावर थांबली.

रविवारी टिकलीचा फोन आला तर मी घेणार नाही. मी बाहेर गेले आहे असे तिला सांगा. हे खोटे आहे, तरी सांगा.


७ मे

काल त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. टोपलीत टॉवेल घालून, टोपली मांडीवर धरून. आयुष्यात मांडीवर मी आणखी एकाच जीवाला घेतले होते, आणि त्याला आता माझा चहा चालत नाही.

त्या बाई वयाने तुमच्याएवढ्या असतील. बोलण्यात मुलाहिजा नाही. त्यांनी त्याला टेबलावर ठेवले, उलटसुलट पाहिले. मी म्हटले की ते बोट लावल्यावर आत जात नाही, बहुधा माझी सवय झाली आहे. त्या म्हणाल्या, "सवय नाही, आजी. आत जायला जागाच नाहीये." आणि त्यांनी दोन बोटांनी त्याचे पुढचे पाय हलकेच आत दाबले. मागचे दोन्ही पाय बाहेर सरकले. मागचे दाबले, तर मान बाहेर आली. हे त्यांनी मला दोनदा दाखवले. एकदा पुरेसे होते.

"काय खातो?"

मी तुतीचा पाला सांगितला. किती, असे विचारल्यावर मूठभर म्हटले. त्यांनी टेबलावर टेकलेल्या माझ्या हाताकडे पाहिले. "कोणाच्या मुठीने?"

चार शब्दांचा अर्थ विचारला असता तर मी पानभर बोलले असते. या प्रश्नावर मी हात टेबलावरून काढून घेतला.

कोशातली 'आपला' ही नोंद मी स्वतः लिहिली आहे. स्वतःचा, समोरच्या वडीलधाऱ्याचा, बोलणारा आणि ऐकणारा अशा दोघांचा मिळून. प्रत्येक अर्थाला उदाहरण दिले आहे आणि संदर्भावरून अर्थ ठरवावा अशी सूचना केली आहे. संदर्भ असा होता की तुम्ही बोलत होतात टिकलीशी. टिकलीला कोणी 'आपण' म्हणत नाही. कासवाला पाला रोज टिकली घालत असे. मूठ तिची होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती, तर मी त्याला वर्गाबाहेर बसवले असते. पण घरातून सगळे निघून जात असताना मला उद्देशून कोणीतरी आदराचा शब्द वापरला, एवढेच मी ऐकले.

सगळे मुठीवर ढकलावे, तर तेही अप्रामाणिक होईल. संध्याकाळचा पाला होता. केळे रोज होते. शेवटी शेवटी माझ्यासाठी अर्धेच उरत असे. "त्याला नको असतं तर त्याने खाल्लं नसतं," असे मी बाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, "कासवाला नको म्हणता येत नाही. समोर आलं की ते खातं. नको तुम्ही म्हणायचं असतं."

यकृतावर चरबी चढली आहे. इंजेक्शने सुरू केली आहेत, रोज कोमट पाण्यात बसवायचे आहे, फळ बंद. वाचेल का, हे त्या आज सांगू शकत नाहीत. वाचले, तर पाला लहान मुलाच्या मुठीएवढा, एक दिवस सोडून. आणि मान व चारही पाय पुरते आत घेता येईपर्यंत प्रवास नाही. त्यांचे म्हणणे, घाबरल्यावर कासवाला करण्यासारखे तेवढे एकच असते, आणि ते येत नसताना त्याला गाडीत घालणे बरे नाही.

म्हणून एक विनंती. टिकलीची मूठ कागदावर ठेवून, पेन्सिलीने कडेने रेघ ओढून पाठवा. कारण तिला सांगा किंवा सांगू नका. सांगितलेत, तर खरे सांगा.


२४ मे

कागद मिळाला. रेघ अंगठ्यापाशी हलली आहे. मूठ धरणाऱ्याचा हात हलला की रेघ ओढणाऱ्याचा, ते कळत नाही. खाली टिकलीने स्वतः लिहिले आहे: "आजी, या रेघेच्या बाहेर एकही पान जाता कामा नये." 'जाता कामा नये' ही भाषा तिने कोणाकडून उचलली, यावर मी विचार करणार नाही. माझ्यासाठी दुसरे काही लिहिलेले नाही. फोन दोन रविवार आलेला नाही.

तुम्ही लिहिता की 'आपली' या शब्दावर मी एवढा काथ्याकूट करायला नको होता. तो तुम्ही सहज वापरला होता. 'आपली मूठभर' म्हणजे नुसती मूठभर, बोलताना येतो तसा 'आपला'. त्यात टिकली नव्हती, मी नव्हते, कोणीच नव्हते. हा चौथा अर्थ. तोही कोशात आहे, लहान अक्षरांत, आणि तोही मीच लिहिला आहे. ज्या शब्दात तुम्ही काहीच ठेवले नव्हते, त्यात मी माझा मान शोधून काढला. असो. मूठ तरीही टिकलीचीच होती.

कासव जगते आहे. परवापासून स्वतः खाते. कागद मी ताटलीच्या तळाशी काचेखाली ठेवला आहे आणि पाने रेघेच्या आत लावते. ती बघता बघता संपतात, आणि मग खरे काम सुरू होते. दुपारी फरशीवर नखांचा आवाज येतो. पूर्वीसारखाच, उंबऱ्यावर अडखळत. ते खुर्चीपाशी येते, मान वर करते. मी माझ्या ताटात पाहते. काही वेळाने ते माझ्या पावलावर पुढचा पाय ठेवते. तो गार असतो. काल मी ताट घेऊन स्वयंपाकघरात उभ्याने जेवले आणि दार लावून घेतले, तर ते दाराशी येऊन ओरखडत राहिले. मी जेवण टाकून दिले.

तुम्हाला हे माहीत असायला हवे, कारण कासव कोणाच्या हातात आहे ते तुम्हाला कळले पाहिजे: एक केळे पुरेसे आहे. रोज एक. कोणाला दिसणार नाही. पाय आत जाणार नाहीत, डॉक्टरीणबाई प्रवासाला हो म्हणणार नाहीत, आणि टिकलीला कितीही राग आला, तरी बटाट्या जिवंत आहे की नाही हे विचारायला रविवारी फोन करावाच लागेल. हा विचार मी एकदाच केलेला नाही. रोज करते, दुपारी, पायावर तो गार पाय असताना.

केळी आणणे बंद केले आहे. कासवावर विश्वास नाही म्हणून नव्हे.


१४ जून

चि. सूनबाई,

कोश पुन्हा उघडून पाहिला. 'सून' या शब्दाला कसलीही मुदत दिलेली नाही. ती नोंद माझी नाही, माझ्या आधीच्या संपादकांची आहे, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. तुला 'तू' लिहिते आहे. नको असेल, तर तसे कळव. मी पुन्हा 'तुम्ही' लिहीन, आणि या वेळी ते कशाने आहे हे ठरवायचे काम तुझ्यावर सोडणार नाही.

आज त्याचा पाल्याचा दिवस होता. सकाळी मी पाने रेघेच्या आत लावली आणि ताटली घेऊन मागच्या खोलीत गेले. तो खिडकीखालच्या उन्हात बसला होता. मी नेहमीसारखी वाकले. गुडघा वाजला, आणि माझी सावली त्याच्यावर पडली असावी. त्याने मान आत घेतली. मग पुढचे पाय घेतले, कोपर कोपराला टेकवून, दार लोटावे तसे. मी मागच्या पायांकडे पाहत राहिले. ते बाहेर येतील म्हणून वाट पाहिली. आले नाहीत. शेपटीदेखील आत होती. पेटीत नुसती पाठ होती.

मी ताटली ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. तो बाहेर आला नाही. हाक मारली, पहिल्यांदाच, टिकली मारते त्या नावाने. तरी नाही. शेवटी मी उठून खोलीबाहेर आले आणि दार किंचित उघडे ठेवून कान दिला, तेव्हा पान तुटल्याचा आवाज आला.

दुपारी डॉक्टरीणबाई येऊन पाहून गेल्या. त्यांनी बोट लावले, तो पुन्हा सगळा आत गेला, आणि त्या हसून म्हणाल्या, "घ्या आजी, आता तुमची सुट्टी." मी त्यांना चहा विचारला. त्यांनी घेतला.

म्हणजे तो प्रवासाला योग्य आहे. टिकलीला घेऊन ये आणि त्याला ने. रविवार सोयीचा असेल तर रविवारी. टोपली, टॉवेल आणि उबेचा दिवा बांधून ठेवते. दिवा मी सरळ केला आहे, तो पुन्हा तिरका लावू नका. मुठीचा कागदही देते. टिकलीची मूठ वाढेल, तिला वाटेल की आता जास्त घालायला हवे. तसे नाही. तिची वाढली, तरी त्याला हीच पुरायची आहे. हे तिला तूच समजाव. माझ्या तोंडून ते तिला ऐकवणार नाही.

तिला पायरी चढायची नसेल, तर मी टोपली घेऊन खाली येईन. तुम्ही गाडीतच थांबा.

आणि मागे तिचा एक प्रश्न मी नीट ऐकून न घेता दुरुस्त केला होता. त्याचे उत्तर राहिले आहे. टिकलीला सांग, बटाट्या जेवतो.

आई